मुक्तेश्वरच्या मेंढीतला जंत

२०१४ साली 'पॅरासाइट्स अँड व्हेक्टर्स' या नियतकालिकात एका जंताची रीतसर नोंद झाली. हा जंत अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या कॅरिबू या हरणाच्या फुफ्फुसात राहतो. कस्तुरीबैलात सापडतो, मूस या थोराड हरणातही सापडतो. गिल्येर्मे व्हेरोकाय, सुझन कुट्झ, एरिक होबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं व्हॅरेस्ट्राँजिलस एलेगुनेनिएन्सिस. नाव उच्चारताना दात पडतील असं आहे, पण त्यातला पहिला शब्द त्यांचा नव्हता. तो प्रजातीचा, म्हणजे अख्ख्या घराण्याचा शब्द आधीपासून होता. प्राणिशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे प्रजातीच्या नावापुढे ती पहिल्यांदा कुणी आणि कधी मांडली ते लिहितात. तिथे लिहिलेलं असतं : भालेराव, १९३२.

हे आडनाव ध्रुवाजवळच्या जनावराच्या छातीत कसं जाऊन बसलं, त्याची वाट पुण्यातून निघते आणि तिची सुरुवात बुळकांडीने होते.

बुळकांडी आज कुणाला आठवत नाही. आपल्या पणजोबांना ती पटकीइतकीच माहीत होती. गुराला ताप यायचा, तोंडात फोड यायचे, मग हगवण लागायची आणि आठवड्याभरात गोठा रिकामा. नांगराचा बैल गेला की पेरणी गेली आणि पेरणी गेली की सावकार दारात. सरकारला शेतकऱ्याचा कळवळा किती होता हा भाग सोडू, पण सारा बैलाच्या जोरावर वसूल होतो एवढं त्याला कळत होतं. शिवाय लष्कराच्या तोफा, रसद, दारूगोळा हे सगळं बैल, खेचरं आणि घोडे ओढत. पुण्यात १८६२ मध्येच लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली होती. गुरांच्या साथीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला, त्या आयोगाचे अध्यक्ष हॅलन हे मुंबई इलाख्यातलेच पशुवैद्य. १८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या दवाखान्याला लागून. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. घोड्याच्या रक्तातल्या सर्रा रोगाच्या जंतूवर त्यांनी ब्रह्मदेशात काम केलं होतं. १८९१ मध्ये ते वारले, पण परळचं कॉलेज टिकलं आणि पुढे सरकारी पशुवैद्यांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या.

पुढचं पाऊल ९ डिसेंबर १८८९ चं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आपण ज्याला सीओईपी म्हणतो तिथे, 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' उघडली. जनावरांच्या रोगांवरच्या संशोधनाची ही देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा. तिचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. जंतुशास्त्र तेव्हा कोवळं होतं. कॉखने क्षयाचा जंतू दाखवून जेमतेम सात वर्षं झाली होती.

पुणं मात्र या कामाला लवकरच अडचणीचं ठरलं. एक तर उन्हाळा. बर्फाची आणि शीतपेटीची सोय नसताना रोगट रक्त आणि लस टिकवायची कशी? दुसरं कारण जास्त गंभीर होतं. प्रयोगशाळेत मुद्दाम बुळकांडी लावलेलं जनावर बांधायचं आणि कुंपणापलीकडे गावची गुरं चरायची, हे जीवावरचं. रोग बाहेर निसटला तर प्रयोगशाळाच साथीचं घर व्हायची. म्हणून १८९३ मध्ये सगळा संसार उचलून कुमाऊँच्या डोंगरात नेला. काठगोदामच्या रेल्वेपासून वर चढत जायचं, तर सुमारे साडेसात हजार फुटांवर देवदार, बांज आणि बुरांसचं जंगल आणि एका कड्यावर शंकराचं देऊळ. गावाचं नाव मुक्तेश्वर, इंग्रजी कागदांवर मुक्तेसर. आजूबाजूला गुरं कमी, माणसं त्याहून कमी आणि हिवाळ्यात बर्फ.

इथे मोठमोठे पाहुणे येऊन गेले. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं. जर्मन सरकारचं पथक आलं होतं आणि दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम करून रॉबर्ट कॉख थेट त्यात दाखल झाले होते. तिथून कॉख आणि त्यांचे सहकारी मुक्तेश्वरलाही गेले, लिंगार्डच्या कामाला सल्ला द्यायला. १८९९ मध्ये प्रयोगशाळेला आग लागून इमारत खाक झाली, पण तोवर बुळकांडीवरचं रक्तद्रव तयार होऊ लागलं होतं आणि काम थांबलं नाही. माणसं कमी, जंगल दाट, त्यामुळे वाघही होता. मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीने चोवीस माणसं मारली आणि १९१० मध्ये जिम कॉर्बेटने तिला टिपलं. कॉर्बेटच्या पुस्तकामुळे मुक्तेश्वरचं नाव वाघिणीसाठी जास्त लोकांना ठाऊक आहे, प्रयोगशाळेसाठी कमी.

या सगळ्यात जंत कुठे होते? तर मागच्या ओळीत. बुळकांडी आली की कलेक्टरकडे तार जायची. जंताची तार कुणी पाठवत नसे. जंत जनावर झटक्यात मारत नाही. तो खंगवतो, लोकर झडवतो, दूध आटवतो, कोकराची वाढ खुंटवतो. मालक म्हणतो, 'यंदा चारा बाधला.' सरकारी अहवालात मेलेलं जनावर मोजलं जातं, खंगलेलं मोजलं जात नाही. म्हणून लष्करी आणि महसुली पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेत जंतांचा अभ्यास दुय्यमच राहिला. गायगर यांनी हिंदुस्थानातल्या पाळीव जनावरांच्या परजीवींची यादी १९१० मध्ये केली, १९१५ मध्ये ती सुधारली. यादी उपयोगी होती, पण ती यादीच. कुठला जंत कुणाच्या कुठल्या अवयवात, तो दिसतो कसा, दुसऱ्यापासून ओळखायचा कसा, हे सांगणारं पुस्तक देशात नव्हतं.

जी. डी. भालेराव या वाटेवर आले ते रंगूनहून. तिथल्या विद्यापीठात ते पाणसापासारख्या पाणथळ जागच्या प्राण्यांमधले चपटे कृमी पाहत होते. १९२६ पासूनचे त्यांचे निबंध या कृमींवर आहेत. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत होता आणि मुंबई इलाख्यातून तिकडे नोकरीला जाणं हे आजच्या बंगळूरइतकंच सवयीचं. सरपटणाऱ्या प्राण्यातल्या कृमींपासून ते मुक्तेश्वरच्या शेळ्यामेंढ्यांपर्यंत आले, आणि १९३२ च्या पशुवैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला : मुक्तेश्वर इथल्या शेळ्यामेंढ्यांमधले काही गोलकृमी. शीर्षक इतकं साधं की मान वर करून कुणी पाहू नये.

पण त्या निबंधामागचं काम जवळून पाहायला हवं. मेंढीचं फुफ्फुस ताज्या अवस्थेत गुलाबी आणि स्पंजी असतं, पाण्यात टाकलं तर तरंगतं. फुफ्फुसकृमी झालेल्या मेंढीच्या फुफ्फुसाच्या मागच्या पाळीवर राखाडी-पिवळट कडक डाग दिसतात, बोटाला गाठी लागतात. गाठ चिरली की आत केसाहून बारीक तपकिरी धागे गुंतलेले. ओढायला गेलं की तुटतात. अभ्यासकाला तर नराची शेपटी शाबूत हवी, कारण सगळी ओळख तिथे आहे. नराच्या शेपटीच्या टोकाला छत्रीसारखा पातळ पडदा असतो, त्याला काड्यांसारख्या फासळ्या आणि आत दोन तपकिरी काटे. काट्यांची लांबी, त्यांच्या कडेचे दात, त्यांना आधार देणाऱ्या तुकड्याचा आकार, फासळ्या कुठे जुळतात आणि कुठे फुटतात, एवढ्यावरच हा कोण ते ठरतं. धागा अर्ध्यात तुटला तर दिवस फुकट. म्हणून फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात भिजवून सुईने तासन्‌तास उकलत बसायचं, मग कृमी पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि प्रिझम लावून हाताने चित्र काढायचं.

भालेरावांनी हे केलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की समोरचा जंत आधीच्या कुठल्याच घराण्यात बसत नाही. त्यांनी नवी प्रजाती मांडली, व्हॅरेस्ट्राँजिलस, आणि तिची पहिली जाती म्हणून या मेंढीतल्या जंताला नाव दिलं न्यूमोनिकस. पहिल्या जातीला महत्त्व असतं. पुढे जगात कुठेही या घराण्यात कुणाला घ्यायचं की नाही हे ठरवताना शेवटी मुक्तेश्वरच्या त्या मेंढीतल्या जंताशीच ताडून पाहावं लागतं.

या कृमींचं आयुष्य दोन यजमानांवर चालतं. फुफ्फुसातली मादी अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं खोकल्याबरोबर घशाशी येतात, गिळली जातात आणि लेंडीतून जमिनीवर पडतात. तिथे त्यांना गोगलगाय भेटावी लागते. गोगलगाय लेंडीवरून सरकते तेव्हा ती तिच्या पायाच्या मांसल तळव्यात शिरतात आणि आत दोनदा कात टाकतात. मग मेंढी चरताना गवताबरोबर ती इवलीशी गोगलगाय गिळते आणि कृमी आतड्यातून पुन्हा फुफ्फुसाकडे निघतो. १९३० च्या सुमारास ए. आणि एम. होबमायर या दोघांनी युरोपात अशाच एका मेंढीच्या कृमीचा हा गोगलगायीतला प्रवास दाखवून दिला. भालेरावांचा निबंध आला तेव्हा ही बातमी ताजीच होती.

लेंडीतली ही पिल्लं शोधायची पद्धत मला फार आवडते, कारण ती कुणालाही जमेल इतकी सोपी आहे. १९१७ मध्ये आजच्या इंडोनेशियात बेअरमान नावाच्या डॉक्टरने ती मातीतली अंकुशकृमींची पिल्लं शोधायला काढली. काचेचं नरसाळं, त्याच्या नळीला रबरी नळी आणि चिमटा. नरसाळ्यात कोमट पाणी भरायचं, वर जाळीत किंवा मलमलीत लेंड्या बांधून पाण्याला टेकवून ठेवायच्या आणि रात्रभर सोडून द्यायचं. पिल्लं वळवळत पाण्यात उतरतात, पण त्यांना पोहता येत नाही, म्हणून बुडाशी जाऊन बसतात. सकाळी चिमटा ढिला करून पहिले काही थेंब काचपट्टीवर घेतले की कृमी हजर. आजही उत्तर कॅनडात कॅरिबूच्या लेंड्या अशाच तपासतात, फरक एवढाच की नरसाळ्याऐवजी पुष्कळदा प्लॅस्टिकचा कप असतो.

थंड, ओलसर डोंगर आणि गोगलगायी, त्यामुळे कुमाऊँ या कृमीला मानवलं. तिथल्या मेंढ्यांना चाल भरपूर. उन्हाळ्यात उंच कुरणांवर, थंडीत खाली तराईच्या काठापर्यंत. तिबेटशी व्यापार करणारे भोटिया लोक तर मेंढ्याबकऱ्यांच्या पाठीवर जोडपिशव्या टाकून मीठ आणि टाकणखार आणत. भाईंदरच्या मिठागरांच्या कडेने लोकलमधून ये-जा करणाऱ्या माणसाला मीठ मेंढीच्या पाठीवरून येतं हे ऐकून गंमत वाटेल. पण त्या वाटांवरच मेंढ्या त्याच कुरणात चरत जिथे भरल, घोरल आणि थार या रानातल्या शेळ्यामेंढ्या चरतात. पाळीव आणि रानटी यांच्यातलं कुंपण माणसाच्या कागदावर असतं, गोगलगायीला ते माहीत नसतं.

आपल्याकडे चित्र वेगळं. महाराष्ट्रातल्या धनगरांच्या खांडातल्या मेंढ्यांना पावसाळ्यात छळतो तो पोटातला रक्तपिपासू गोलकृमी हिमॉन्कस आणि पाणथळ जागी यकृतातला चपटा कृमी. म्हणून पावसाच्या तोंडाशी आणि नंतर जंताचा डोस पाजतात. मुक्तेश्वरच्या फुफ्फुसकृमीला आपली कोरडी, तापलेली माळरानं झेपत नाहीत. पण पाळीव-रानटी शेजाराचा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची उत्तरेची बाजू काशीमिऱ्याला आणि घोडबंदर रस्त्याला येऊन भिडते. आत चितळ, सांबर, भेकर आणि कुंपणालगतच्या पाड्यांवर शेळ्या, गुरं. बकरी ईदच्या आधी मीरारोडच्या सोसायट्यांत राजस्थान-गुजरातकडच्या बकऱ्या उतरतात, त्यांच्याबरोबर त्यांच्या पोटातलंही उतरतं. आपल्या शहरात जनावराच्या आत काय चाललंय हे पाहणारा माणूस म्हणजे खाटिकखान्यातला पशुवैद्य, आणि त्याला रोजच्या जनावरांपुढे मान वर करायला फुरसत नसते.

१९३५ मध्ये भालेरावांचं मोठं काम प्रसिद्ध झालं : हिंदुस्थानातल्या पाळीव जनावरांतील कृमी. इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या शास्त्रीय ग्रंथमालेतला हा सहावा ग्रंथ. आता कुठल्याही जिल्ह्यातला पशुवैद्य मेलेल्या जनावरातला कृमी काढून पुस्तकाशी ताडून पाहू शकत होता. पुढच्याच वर्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या बेलिसचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'मधला गोलकृमींचा पहिला खंड आला. माझ्या मते दोन्हींत फरक आहे तो हाताशी कोण आहे याचा. बेलिस संग्रहालयात पोचलेल्या बाटल्यांवर काम करत होते. भालेरावांच्या टेबलावर पोचणारं फुफ्फुस कधीकधी अजून ऊबदार असे. संस्थेचं नाव तोवर बदललं, तिचा पसारा हळूहळू बरेलीजवळच्या इज्जतनगरकडे सरकत गेला आणि भालेरावांचे पुढचे निबंध बहुतेक चपट्या कृमींवर आहेत. गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणारे रक्तकृमी हा पुढे त्यांचा खास विषय झाला.

व्हॅरेस्ट्राँजिलसला मात्र जगात सुखाने राहू दिलं गेलं नाही. युरोपातल्या तांबड्या हरणातला असा एक कृमी १८९० च्या दशकातच वर्णिलेला होता, पण तो भलत्याच घराण्यात टाकलेला. १९३५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगनमधल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणातून डिक्मन्सने आणखी एक काढला. सोव्हिएत रशियात शुल्ट्झ आणि बोयेव्ह यांनी १९४० मध्ये अशा जातींसाठी नवीच प्रजाती थाटली. अमेरिकेत डॉगर्टीने दुसरी. पुढची कित्येक दशकं एकच कृमी तीन नावांनी तीन पुस्तकांत वावरत होता. भांडण कडू नव्हतं, पण लांबलं, कारण ज्याच्याशी ताडायचं तो नमुना एकीकडे, हरणं दुसरीकडे आणि मधे महायुद्ध, मग शीतयुद्ध. शेवटी शास्त्राचा साधा नियम कामी आला : आधी छापलेलं नाव चालतं. १९३२ हे १९४० च्या आधी येतं. बोयेव्हने स्वतःही १९७५ मध्ये या कुळावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आज या घराण्यात दहाच्या आसपास जाती धरतात, त्यांचे यजमान रो हरणापासून मूसपर्यंत आणि मेंढीपासून कॅरिबूपर्यंत.

आता उत्तरेकडे. कस्तुरीबैल नावाने बैल आहे, पण रक्ताने शेळ्यामेंढ्यांच्या गणगोतातला. हिमालयातल्या घोरलाशी त्याचं नातं गाईपेक्षा जवळचं. जमिनीपर्यंत लोंबणारे केस, कपाळभर पसरलेली शिंगं आणि लांडगा आला की पिल्लांना मध्ये घेऊन गोल करून उभं राहायची सवय. ही सवय लांडग्यापुढे चालते, बंदुकीपुढे नाही. कातड्यांच्या व्यापारात मुख्य भूमीवरचे कळप इतके संपले की कॅनडाने १९१७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. हळूहळू कळप परत वाढले.

१९८८ मध्ये कॉपरमाइनच्या, म्हणजे आजच्या कुगलुकटुकच्या पश्चिमेला काही कस्तुरीबैलांच्या फुफ्फुसात मोठमोठ्या गाठी सापडल्या. आत लांबलचक कृमी गुंडाळलेले. होबर्ग, पॉली, गन आणि निशी यांनी १९९५ मध्ये त्याचं नाव ठेवलं उमिंगमाक्स्ट्राँजिलस पल्लिकूकेन्सिस, घराणंही नवं. याचाही मधला यजमान गोगलगायच, बिनशंखाची शेंबी, डेरोसेरास लीव्ही. ध्रुवाजवळचा उन्हाळा आखूड. पारा सुमारे साडेआठ अंशांच्या वर गेल्याशिवाय शेंबीच्या अंगातलं पिल्लू वाढतच नाही. पूर्वी त्याला संसर्गाला तयार व्हायला दोन उन्हाळे लागत आणि मधल्या हिवाळ्यात बरीच पिल्लं मरत. कुट्झ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तापमानाच्या नोंदींवरून हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की १९९० च्या आसपासपासून एकाच उन्हाळ्यात काम भागू लागलंय. हवामानबदलाचे परिणाम सांगताना आपण हिमनद्या आणि अस्वलं दाखवतो. हा परिणाम शेंबीच्या तळपायात घडत होता.

भालेरावांचं घराणं या गोष्टीत शिरलं ते चुकून. कॅरिबूच्या लेंडीत पिल्लं सापडत होती, त्यांच्या शेपटीवर पाठीकडून एक बारीक काटा. असा काटा या कुळातल्या अनेक जातींना असतो, त्यामुळे ती स्नायूत राहणाऱ्या दुसऱ्याच एका ओळखीच्या कृमीची असणार असं गृहीत धरलं होतं. मग डीएनए तपासलं, आणि ते ओळखीच्या कुणाशीच जुळेना. २००७ मध्ये कॅनडातल्या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात आलेल्या निबंधाच्या शीर्षकातच तो शोध अनपेक्षित असल्याचं कबूल केलेलं आहे. डीएनए सांगत होतं की कुणीतरी वेगळा आहे, कोण ते सांगत नव्हतं. त्यासाठी अखंड प्रौढ नर हवा होता, म्हणजे पुन्हा फुफ्फुसाचे तुकडे पाण्यात उकलत बसणं. हा कृमी गाठ करत नाही, फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या नळ्यांत लपतो, त्यामुळे आणखी कठीण. सात वर्षं गेली. २०१४ च्या निबंधात व्हेरोकाय आणि सहकाऱ्यांनी नुसती नवी जाती मांडली नाही, व्हॅरेस्ट्राँजिलसची व्याख्याच नव्याने लिहिली, म्हणजे पुन्हा १९३२ पर्यंत मागे जावं लागलं. कॅरिबूचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या भूपट्टीवरून अमेरिकेत गेले, त्यांच्या छातीतून हे घराणंही गेलं असावं, असा त्यांचा तर्क आहे. घराण्याच्या बहुतेक जाती आजही युरोप-आशियातल्याच आहेत.

२००८ मध्ये गाठी करणारा कृमी व्हिक्टोरिया बेटावर सापडला, २०१० मध्ये व्हॅरेस्ट्राँजिलसही. हे बेट महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून मोठं आहे आणि तिथे हे कृमी आधी नव्हते. मधल्या समुद्रावर हिवाळ्यात बर्फ जमतं आणि कॅरिबू त्यावरून ये-जा करतात. एवढंही म्हणायला हवं की या जंताने एकट्याने कळप मारल्याचं दिसलेलं नाही. पुढच्या काही वर्षांत त्या भागात कस्तुरीबैल मोठ्या संख्येने मेले, त्यात एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा जिवाणू सापडला. जंत आपलं जुनंच काम करत होता, दम कमी करायचं. लांडग्यापुढे पळताना दम कमी पडला तर मरणाच्या नोंदीत लांडगा येतो.

बुळकांडीचं पुढे काय झालं? मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्सने १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हापुन्हा नेऊन सौम्य केला, त्यातून लस आली. स्वतंत्र भारताने ती देशभर टोचली. देशातली शेवटची साथ १९९५ मध्ये आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच संपल्याची घोषणा झाली. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसरा रोग. ज्या शत्रूसाठी पुण्याहून प्रयोगशाळा डोंगरावर नेली, तो शत्रू संपला आणि त्या प्रयोगशाळेत ज्यांना मागच्या ओळीत बसवलं होतं ते जंत राहिले. औषधं बरीच आली, पण तीच तीच पाजत राहिल्यामुळे जंतांना ती अंगवळणी पडू लागली आहेत. भारतातल्या मेंढ्यांमध्येही औषधांना दाद न देणारे हिमॉन्कस सापडलेत. आणि रानातल्या कॅरिबूला डोस कोण पाजणार?

म्हणून तिकडे नजर ठेवण्याचं काम शिकाऱ्यांवर आलंय. कुगलुकटुक आणि आसपासच्या इनुइट वस्त्यांमध्ये कॅरिबू किंवा कस्तुरीबैल मारला की शिकारी त्याच्या रक्तात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवतो, लेंडीची पिशवी भरतो, फुफ्फुसात गाठ दिसली तर तुकडा कापून ठेवतो आणि सगळं कॅल्गरी विद्यापीठात कुट्झ यांच्याकडे जातं. जनावर कितपत धष्टपुष्ट होतं, चरबी किती होती, हेही शिकारी सांगतो. ते सांगणं संशोधनात धरलं जातं, कारण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली जनावरं ज्याने पाहिली आहेत असा तिथे तोच एक असतो.